पूलमधला त्रास आणि सारखी लागणारी तहान: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

उन्हाळी बॅच सुरू झाल्या की लहान मुलांच्या डॉक्टरांकडे दोन तक्रारी हमखास येतात. एक, पूलमधून आल्यावर डोळे लाल होतात, अंगाला खाज सुटते, खोकला येतो. दुसरी, मूल सारखं पाणी पितंय. कधी कधी दोन्ही तक्रारी एकाच मुलाच्या असतात आणि घरात दोन्हीचं खापर क्लोरीनवर फोडून मोकळं होतात. तिथेच गडबड होते. पूलचा त्रास बहुतेक वेळा गॉगल, शॉवर, बॅच किंवा पूल बदलून आटोक्यात येतो. तहानही बहुतेक वेळा साधीच असते. पण थोड्या मुलांमध्ये ती टाइप १ मधुमेहाची पहिली खूण असते, आणि 'ऊन किती आहे, पोहायलाही जातोय, तहान लागणारच' या एका वाक्याखाली ती आठवडेच्या आठवडे झाकली जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तहानेचा निकाल लावा, मग पूलकडे वळा.

पायरी १: थांबायचं नाही अशी लक्षणं

तहान वाढली आहे असं वाटताच खालच्या गोष्टी आठवून पाहा.

- लघवीही वाढली आहे का? शाळेत, गाडीत, लग्नात सारखं 'शू लागली' चाललंय का?
- रात्री उठून पाणी पितं का? वर्ष-दोन वर्षं कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलंय का?
- चड्डी कमरेतून सैल झाली आहे का? वजन काट्यावर कमी दिसतंय का?
- भूक चांगली असूनही मूल मलूल, चिडचिडं, दमलेलं वाटतंय का?
- बाथरूममध्ये लघवीच्या जागी मुंग्या जमतात का?

यातलं एकही 'हो' असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची. उद्या नाही, बॅच संपल्यावर नाही. आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, गुंगी यांपैकी काही असेल तर घरी साखर बघण्यातही वेळ घालवू नका, सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि 'मधुमेहाची शंका आहे, साखर बघा' असं पहिल्या वाक्यात सांगा. ही कीटोअ‍ॅसिडोसिसची (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याची) लक्षणं असू शकतात. पोटदुखी आणि उलट्यांमुळे अशा मुलाला 'ऊन लागलं' किंवा 'पूलचं पाणी बाधलं' असं समजून एक दिवस घरीच ठेवलं जातं, आणि तो दिवस महागात पडतो.

पायरी २: बोटाची साखर, नीट

घरात आजी-आजोबांचा ग्लुकोमीटर असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये लगेच होतं. मुलाचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. मे महिन्यात ही पायरी फार महत्त्वाची, कारण आंबा चोखलेल्या बोटाला राहिलेला रस आकडा खोटाच वर नेतो. नुसता सॅनिटायझर फासला तर साखर जात नाही. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. पट्टीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. आजोबांच्या डबीत जुन्या पट्ट्या निघतात.

लक्षणं असताना कुठल्याही वेळेची साखर २०० मिलिग्रॅम (दर डेसिलिटरला, मीटरवर दिसतो तोच आकडा) किंवा त्याहून जास्त आली, तर ती मधुमेहाची समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा वर असेल तरीही तेच. जेवणानंतर दोनेक तासांनी ११०-१२० आली आणि तहान त्याच वेळी जोरात आहे, तर त्या तहानेचं कारण साखर असण्याची शक्यता फार कमी. कारण साधं आहे: रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत, ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला मूल पीत सुटतं. म्हणजे आधी लघवी वाढते, तहान तिच्या मागोमाग येते. मूल पाणी जास्त पितं म्हणून लघवी जास्त होते, असा उलटा अर्थ लावून त्याची बाटली काढून घेऊ नका.

पायरी ३: तहान मोजा

साखर ठीक आली आणि मूल एरवी हसतंखेळतं असेल, तर आता मोजायला हरकत नाही. 'खूप पितं' या शब्दांवर डॉक्टरही काही करू शकत नाहीत, त्यांना मिलिलिटर लागतात.

एक सुट्टीचा दिवस निवडा, पोहणं नसलेला. सकाळी ७ वाजता मुलाला शू करायला लावा, ती मोजायची नाही. तिथून पुढची प्रत्येक लघवी मापाच्या प्लास्टिकच्या मगमध्ये घ्या आणि लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची शेवटची, ती मोजायची. पिण्यासाठी एक लिटरची बाटली वेगळी ठेवा, फक्त त्याच मुलाची. दूध, ताक, सरबत, शहाळं वेगळं लिहा. कागदावर तीनच रकाने: वेळ, किती प्यायलं, किती गेलं. माठातून भांड्याने घेतलेलं पाणी नोंदीतून निसटतं, तेवढं लक्ष ठेवा. या दिवशी मुलाला पाण्यावरून टोकायचं नाही आणि आग्रहही करायचा नाही.

आकडा कशाशी ताडायचा? एका दिवसाची एकूण द्रवाची गरज काढायची डॉक्टरांची जुनी रीत अशी: वजनाच्या पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलि, पुढच्या १० किलोंना ५० मिलि, त्यावरच्या प्रत्येक किलोला २० मिलि. म्हणजे २० किलोच्या मुलाला दीड लिटर, ३० किलोच्याला १.७ लिटर. यातलं काही वरण, भाजी, फळं यांतूनही जातं. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा खेळाच्या दिवशी अर्धा-पाऊण लिटर सहज वाढतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लघवीचा हिशेब जास्त भरवशाचा, कारण ती घामाने वाढत नाही, उलट कमी होते. मुलांमध्ये शरीराच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला २ लिटरहून जास्त लघवी म्हणजे खरोखर जास्त. चौरस मीटर काढायला उंची (सेंटिमीटर) आणि वजन (किलो) यांचा गुणाकार करा, ३६०० ने भागा, आलेल्याचं वर्गमूळ घ्या. ११५ सेंमी आणि २० किलोच्या मुलाचं ०.८ येतं. त्याची लघवी दिवसाला १.६ लिटरच्या वर गेली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

जाताना आणखी दोन गोष्टी सोबत न्या. एक, रात्री मूल न उठता, पाणी न मागता झोपतं का, याचं उत्तर. नुसत्या सवयीची तहान सहसा रात्री झोपते. दुसरी, सकाळच्या पहिल्या लघवीची साधी तपासणी. तिचं विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे ते सांगणारा आकडा) १.०२० किंवा जास्त असेल तर मूत्रपिंडं पाणी राखून ठेवायचं काम नीट करताहेत. रात्रभर झोपूनही पहिली लघवी पाण्यासारखी पांढरी, गुरुत्व १.००५ च्या आसपास, आणि मूल मध्यरात्री पाण्यासाठी उठतंय, तर साखरेशी संबंध नसलेला दुसरा विकार बघावा लागतो. त्याचं जुनं, अजूनही रुळलेलं नाव डायबेटिस इन्सिपिडस. त्यात मेंदूतून येणारं पाणी राखणारं संप्रेरक कमी पडतं किंवा मूत्रपिंडं त्याला दाद देत नाहीत. याची पाणी बंद ठेवून करायची तपासणी फक्त रुग्णालयात, वजन आणि रक्त बघत बघत होते. 'आज रात्री पाणी देऊ नका, बघू काय होतं' हा प्रयोग घरी कधीही करायचा नाही. अशा मुलाच्या रक्तातलं सोडियम काही तासांत धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असताना रोज दिली गेली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठ, उलट्या सुरू होतात. घरात अशी पुडी चालू असेल तर कशी दिली जातेय ते बघाच.

पोहण्यानंतरची साधी तहान

पोहताना घाम येतो, फक्त तो दिसत नाही. नवशिकं मूल तोंडाने श्वास घेतं, घसा कोरडा पडतो. शिवाय पाण्यात बुडालेल्या शरीरावर बाहेरून दाब येतो, हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि लघवी तयार होते. थंड पाण्यात हे जास्त. म्हणूनच पूलमध्ये उतरल्यावर दहा मिनिटांत मुलांना शू लागते, आणि बाहेर पडायचा कंटाळा केला की ती कुठे होते हे सगळ्यांना माहीत आहे. तिची गोष्ट पुढे येईलच.

अशी तहान पोहून आल्यावर तास-दोन तासांत २००-४०० मिलि पिऊन शमते आणि संध्याकाळी नेहमीसारखी होते. शमत नसेल तर आधी आजूबाजूला बघा. बॅचनंतर फरसाण आणि वेफर्स चाललेत का? नाक चोंदल्यामुळे मूल रात्री तोंड उघडं टाकून झोपतं का? आणि सगळ्यात नेहमीचं: 'पूलची अ‍ॅलर्जी' म्हणून रोज सर्दीची गोळी किंवा सिरप चालू आहे का? अ‍ॅलर्जीच्या कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं. म्हणजे पूलमुळे औषध, औषधामुळे तहान, आणि नाव पुन्हा पूलचं. अशा मुलाला खरी लघवी वाढलेली नसते. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सिरप चालू असेल तर मात्र साखर तपासूनच घ्या.

काय द्यायचं? पोहण्याआधी अर्धा तास १५०-२०० मिलि पाणी. तासाची बॅच असेल तर मध्ये दोन-चार घोट. नंतर पाणी, पातळ ताक, शहाळं, मीठ-साखर बेताची असलेलं लिंबू किंवा कोकम सरबत, जे घरात असेल ते. ग्लुकोज पावडर नको. ती नुसती साखर आहे, आणि निदान न झालेल्या मधुमेही मुलाची तहान ती आणखी भडकवते. ओआरएस जुलाब-उलट्यांसाठी आहे, रोजच्या पोहण्यासाठी नाही. द्यायची वेळ आलीच तर पुडीवर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात अख्खी पुडी, बहुतेक पुड्यांना १ लिटर. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकायची नाही. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' छापण्याला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण घरात जुना साठा असेल तर लेबल वाचून घ्या.

पायरी ४: पूलचा त्रास घड्याळ लावून ओळखा

'क्लोरीनची अ‍ॅलर्जी' हा शब्द सर्रास वापरतात, पण क्लोरीनची खरी अ‍ॅलर्जी जवळजवळ नसतेच. होते ती जळजळ. आणि ती नक्की कशाची हे कळायला सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: त्रास पाण्यात उतरल्यापासून किती वेळाने सुरू होतो आणि किती वेळाने थांबतो?

डोळे. दोन्ही डोळे काही मिनिटांत चुरचुरले, तासा-दोन तासांत निवळले, तर पाण्याचा दोष. एकच डोळा लाल, दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या चिकटलेल्या, तर संसर्ग, आणि बरं होईपर्यंत पूल बंद. उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

त्वचा. काही तासांनी कोपराच्या, गुडघ्याच्या वळीत खाज आणि कोरडे चट्टे उठले तर आधीचा एक्झिमा चिडलाय. गॉगलच्या कडेने बरोबर गोल ओळ उमटत असेल तर दोषी रबर आहे, पाणी नव्हे. सिलिकॉनच्या कडेचा गॉगल घ्या. कॉस्च्युमखाली एक-दोन दिवसांनी पुळ्या येत असतील तर केसांच्या मुळांचा जंतुसंसर्ग, जो क्लोरीन कमी पडलेल्या पाण्यात होतो. मध्यभागी खळगा असलेले चमकदार बारीक दाणे म्हणजे मोलस्कम, एक विषाणूचा संसर्ग. तो टॉवेल आणि फ्लोट एकमेकांचे वापरल्याने पसरतो.

आता जिथे हयगय चालत नाही ते. पाण्यात गेल्यावर किंवा बाहेर येऊन अंग गरम होताना पाच-दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, तर संशय क्लोरीनवर नाही, थंडीवर घ्या. बर्फाचा गोळा खाताना ओठ सुजतात का, फ्रीजची बाटली धरून तळहाताला गांधी येतात का, आठवा. थंडीने उठणाऱ्या या पित्तात अख्खं अंग एकदम थंड पाण्यात गेलं तर रक्तदाब पडून मूल पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतं. डॉक्टरांनी बर्फ लावून तपासल्याशिवाय अशा मुलाला पूलमध्ये सोडू नका, मग कोच कितीही म्हणोत की सवयीने जाईल.

खोकला. पूलच्या कडेला असताना येतो आणि मोकळ्या हवेत आल्यावर लगेच कमी होतो, तर हवा खराब. पोहणं थांबवल्यावर पाच ते पंधरा मिनिटांनी उसळतो, छातीतून शिट्टी वाजते, तर श्रमाने होणारा दमा. त्यावर पोहणं बंद करायची गरज नसते. पोहताना हवा दमट असल्यामुळे दम्याच्या मुलांना धावण्यापेक्षा पोहणं अनेकदा जास्त सोसतं. डॉक्टरांनी सांगितलेला पंप सहसा १५ मिनिटं आधी घ्यायचा असतो आणि तो पूलच्या काठावर हाताशी असला पाहिजे, घरच्या कपाटात नाही. पाणी नाकातोंडात जाऊन ठसका लागला आणि नंतरही खोकला, धाप किंवा सुस्ती काही तास टिकली, तर रुग्णालय.

कान. भोकासमोरचा कूर्चेचा छोटा उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की दुखतं, तर बाहेरच्या नळीचा संसर्ग. पोहणं बंद, डॉक्टरांचे थेंब. इअरबड, तेल आणि काडी तिन्ही नको. पोहून आल्यावर मान एकेका बाजूला कलती करून पाणी काढा आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच टिपा, तेवढं पुरे.

पायरी ५: पाण्याचीच परीक्षा घ्या

पूलला उग्र 'क्लोरीनचा' वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज उलटा आहे. नीट राखलेल्या पूलला वास फारसा येत नाही. घाम, लघवी, अंगावरचं तेल यांतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. त्यातलं ट्रायक्लोरामाइन हवेत उडतं, आणि हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत साचून राहतं, नेमकं मुलाच्या नाकातोंडाच्या उंचीला. डोळ्यांची चुरचुर, खोकला, तो वास, सगळं मुख्यतः त्याचं. म्हणजे औषध जास्त पडलं म्हणून नव्हे, तर घाण जास्त आणि मोकळा (कशाशीही न जोडलेला, जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन कमी म्हणून त्रास.

पूलच्या माणसाला आजचा क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा) विचारा. चांगल्या ठिकाणी तो फळ्यावर लिहिलेला असतो. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच ७.२ ते ७.८. पीएच ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. सोसायटीच्या पूलमध्ये बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी भरतात, तिथे पीएच वर सरकत राहतो. मग क्लोरीन टाकूनही काम होत नाही, म्हणून आणखी टाकतात, आणि डोळे चुरचुरतातच.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ओटीओची छोटी बाटली असते: नमुन्यात थेंब टाकले की पिवळा रंग. हा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, मोकळा आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेला दोन्ही मिळून. त्यामुळे छान पिवळं आलं तरी पाणी खराब असू शकतं. मोकळा वेगळा बघायला डीपीडीची गुलाबी रंगाची चाचणी लागते. एकूण वजा मोकळा, ही वजाबाकी ०.४ पीपीएमच्या आत हवी, ०.२ च्या आत असेल तर उत्तम. घरून पट्टी नेणार असाल तर मोकळा आणि एकूण दोन्ही चौकोन असलेली घ्या, आणि पाणी पूलमध्ये पाणी येण्याच्या तोंडापासून (इनलेटपासून) दूर, कोपरभर खोलीतून घ्या. आणखी एक फुकटची चाचणी: सगळ्यात खोल भागाच्या तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. पाणी गढूळ असताना बुडालेलं मूलही दिसत नाही.

बॅच निवडताना हे ध्यानात घ्या. बंदिस्त पूलमध्ये संध्याकाळची शेवटची बॅच हवेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, कारण दिवसभराची घाण जमलेली असते. परदेशात थंडीच्या दिवसांत बंदिस्त पूलमध्ये जाणाऱ्या मुलांना हा त्रास जास्त जाणवतो. उष्णता वाचवायला तीच हवा फिरवली जाते. उघड्या पूलमध्ये हवा चांगली, पण ऊन मोकळा क्लोरीन भराभर खातं, म्हणून भर उन्हाच्या गर्दीनंतर तिथे जळजळ कमी आणि संसर्ग जास्त असा प्रकार होतो. सकाळची पहिली बॅच बहुधा बरी. अपवाद एकच: रात्री जास्त मात्रा टाकलेली असते आणि सकाळी उतरायच्या आधी कुणी मोजलेली नसते.

पायरी ६: उतरण्याआधी आणि बाहेर आल्यावर

आधी शू. मग एक मिनिटभर पूर्ण अंगावर शॉवर, केसांसकट. घाम आणि तेल जातं, आणि साध्या पाण्याने भिजलेले केस पूलचं पाणी कमी शोषतात. डोक्याला तेल चोपडून कॅप घालायची पद्धत सोडा, ते तेल पाण्यात उतरतं आणि क्लोरीन खातं. एक्झिमाच्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर चालेल. गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून बघा, दोन सेकंद तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. पट्टा आवळून गळती थांबवायला गेलात तर डोळ्यांभोवती वळ उठतात आणि गळती तशीच राहते.

पहिले तीन-चार दिवस २० मिनिटांपेक्षा जास्त नको. मुलाला पाणी तोंडात घेऊन चूळ फवारायचा खेळ खेळू देऊ नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाऊण तासाच्या पोहण्यात मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलि पाणी गेलं, मोठ्यांच्या दुपटीहून जास्त. एवढ्याने काही होत नाही. पण अगदी लहान मुलांना पुन्हा पुन्हा डुबक्या देण्यात पोटात खूप पाणी जाऊन रक्तातलं सोडियम उतरू शकतं. पोहल्यानंतर मळमळ, डोकेदुखी, गुंगी, झटके आले तर आणखी पाणी पाजत बसू नका, रुग्णालय गाठा.

बाहेर आल्यावर लगेच कोमट किंवा साध्या पाण्याने आंघोळ, सौम्य साबण, शाम्पू. ओल्या कॉस्च्युमवर फ्रॉक चढवून घरी न्यायचं नाही, खाज बरीचशी त्यातून येते. अंग घासून न पुसता टिपा आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा. डोळे पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा. गुलाबपाणी नको, काजळ नको. मागच्या वर्षीच्या डोळ्यांच्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं, ते तर नकोच. त्वचेसाठी दुकानात मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमंही नको. त्यांनी खाज दोन दिवस थांबते, आणि खाज नायट्याची असेल तर तो लक्षात न येता पसरतो.

पायरी ७: एका वेळी एकच बदल

पालक सगळं एकदम बदलतात: नवा गॉगल, नवा साबण, नवा पूल, वर गोळी. बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही आणि गोळी वर्षभर चालू राहते. त्याऐवजी आठवडाभर पूल बंद ठेवून त्रास जातो का बघा. गेला नाही तर कारण पूल नाहीच. गेला तर पुन्हा सुरू करा, आधीचा आणि नंतरचा शॉवर एवढाच बदल करून, तीन-चार वेळा. मग गॉगल. मग बॅचची वेळ. मग दुसरा पूल. दुसऱ्या पूलमध्ये त्रास नसेल तर मुलाला औषध कशासाठी द्यायचं?

जुलाब झाले असतील तर थांबल्यावर लगेच पूलमध्ये पाठवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये काही दिवस जिवंत राहतो. तो निघाला असेल तर जुलाब थांबल्यानंतर दोन आठवडे थांबायचं.

तपासणीत मधुमेह निघाला तर

पोहणं थांबत नाही. इन्सुलिन सुरू होऊन साखर स्थिरावली आणि डॉक्टरांनी होकार दिला की मूल पुन्हा पाण्यात उतरू शकतं, फक्त तयारी वेगळी लागते. उतरण्याआधी साखर बघायची. ९० च्या खाली असेल तर आधी खायला द्यायचं. साखर फार वाढलेली आणि कीटोन आलेले असतील तर त्या दिवशी सुट्टी. लांब बॅचमध्ये मध्येही एकदा बघायची, आणि पोहण्याचा परिणाम काही तास टिकतो म्हणून रात्री झोपण्याआधी पुन्हा. पाण्यात साखर उतरल्याचं ओळखणं अवघड, कारण थरथर आणि फिकटपणा थंडीनेही येतो. म्हणून नियम असा की मूल थरथरायला लागलं की बाहेर काढायचं, बोट तपासायचं, आणि मीटर जवळ नसेल तर साखर उतरली आहे असं धरून तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. मूल गुंगीत असेल तर तोंडाने काहीही घालायचं नाही. साखरेची डबी काठावर कुठे ठेवली आहे हे कोचला आणि जीवरक्षकाला दोघांनाही दाखवून ठेवा. बॅचचा कोच बदलला की नव्या माणसाला पुन्हा दाखवा.